सेवायोजन कचेरी आणि एटापल्लीचे रान



इतिहासातील सनावळ्यांचा कंटाळा आपणां सर्वांनाच शाळेत असताना आलेला आहे. तरीही आजच्या विषयाचा आरंभ मी दोन तारखांनीच करणार आहे. पहिली तारीख १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. त्यांत चांदा जिल्हाही होता. दुसरी तारीख १ मे १९६०. ती काही सांगावयास नको. महाराष्ट्र राज्य त्या दिवशी जन्मास आले.

परंतु याच दोन तारखांना आणखी दोन गोष्टी घडल्या आणि त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी देशातील सेवायोजन कचेऱ्यांचा आणि कारागिरांच्या प्रशिक्षण संस्थांचा दैनंदिन कारभार केंद्र सरकारने राज्यांच्या हाती दिला. आणि १ मे १९६० रोजी, रिकाम्या जागा सेवायोजन कचेरीला कळविणे सक्तीचे करणारा १९५९ चा कायदा देशभर अमलात आला. म्हणजे आपल्या राज्याचे वय आणि बेकारांच्या बाबतीत राज्याने उचललेल्या जबाबदारीचे वय जवळजवळ सारखेच आहे. ही जबाबदारी राज्याने कशी पार पाडली, हे पाहावयाचे तर पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांकडे पाहून भागणार नाही. दिव्याखाली अंधार असतो हे खरे, पण दिव्याचा उजेड किती दूर पोचतो हे पाहण्यासाठी दिव्यापासून लांबच जावे लागते. म्हणून मी आज आपणांस एटापल्लीला नेणार आहे.

एटापल्ली हे आज गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख चांदा जिल्ह्याच्या सिरोंचा तहसिलीत मोडत असे, आणि त्याहूनही पूर्वी तो अहेरीच्या जमीनदारीत होता. जमीनदाऱ्या १९५१ साली गेल्या. पूर्वेस छत्तीसगडची, म्हणजे जुन्या बस्तर संस्थानाची सीमा, सुरजागडचे लोहखनिजाचे डोंगर, बांडिया नदी, आणि सागवान, बांबू, मोह, तेंदू यांचे दाट रान. वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची, बोली माडिया, आणि पाडे वीस-तीस झोपड्यांचे. जिल्ह्याचे ठाणे चांद्याला होते तेव्हा ते दीडशे किलोमीटरच्या घरात आणि गडचिरोलीला आल्यावरही फारसे जवळ नाही. पावसाळ्यात नाले-नद्या फुगल्या म्हणजे हे अंतर किलोमीटरांत मोजण्यात अर्थ उरत नसे.

आता क्षणभर हे रान बाजूस ठेवून सेवायोजन कचेरीचे मूळ पाहू.

बेकाराने कामाच्या शोधात दारोदार हिंडावे आणि मालकाने फाटकाशी जमलेल्या गर्दीतून हवा तो निवडावा, ही यंत्रयुगाची पहिली रीत. यात दोघांचाही वेळ जातो आणि मजुराची अब्रू जाते. सरकारनेच एक जागा उघडावी, तेथे काम मागणाऱ्याने नाव नोंदवावे, काम देणाराने जागा कळवावी आणि दोघांची फुकट गाठ घालून द्यावी, ही कल्पना इंग्लंडात १९०९ च्या कायद्याने रूढ झाली. १ फेब्रुवारी १९१० रोजी तेथील पहिल्या कचेऱ्या उघडल्या. त्या खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल होते आणि योजनेची आखणी विल्यम बेव्हरिज यांची. पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या पहिल्याच परिषदेत, वॉशिंग्टन येथे, प्रत्येक देशाने अशा फुकट कचेऱ्या चालवाव्यात असा करार केला. हिंदुस्थान सरकारने १९२१ साली त्यास मान्यता दिली. मात्र कचेऱ्या काही उघडल्या नाहीत. १९३१ साली व्हिटले आयोगाने तर स्पष्टच सांगितले की, कारखान्याच्या दाराशी माणसे हवी तेवढी मिळत असताना अशा कचेऱ्यांचे प्रयोजन नाही. १९३८ साली सरकारने त्या करारातूनही अंग काढून घेतले. मालकाला माणूस मिळतो ना, मग प्रश्न मिटला, असा हा विचार होता. माणसाला काम मिळते का, हा प्रश्न कोणी विचारीतच नव्हते.

तो विचारण्याची पाळी महायुद्धाने आणली. युद्धासाठी कारागीर हवे होते, म्हणून १९४० पासून तंत्रज्ञांचे प्रशिक्षण सुरू झाले. काही तरुण तर बेव्हिन योजनेखाली इंग्लंडलाही जाऊन आले. युद्ध संपताच लाखो शिपाई आणि युद्धकामगार मोकळे होणार हे दिसू लागले. सैन्यातून परतलेला, बंदूक चालविता येणारा तरुण गावात रिकामा बसणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. म्हणून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन संचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांनाही या कचेऱ्यांनी हात दिला आणि १९४८ च्या आरंभी त्या सर्वांस खुल्या झाल्या. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना निघाली; आज आपण ज्यांस औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणतो त्यांचे मूळ तेथे आहे. १९५२ साली नेमलेल्या शिवराव समितीने या सगळ्या यंत्रणेचा विचार केला, धोरण केंद्राकडे ठेवून कारभार राज्यांकडे द्यावा असे सुचविले, आणि त्यातूनच १ नोव्हेंबर १९५६ ही आपली पहिली तारीख निघाली.

ही हकीगत थोडी विस्ताराने सांगितली, कारण कचेरीचा स्वभाव तिच्या जन्मकथेत आहे. ती शहरासाठी जन्मली. कारखाना, पलटण आणि सरकारी दप्तर यांच्यासाठी जन्मली. माणूस आधी नोकरीत होता, आता सुटला, पुन्हा त्यास नोकरी पाहिजे, असे तिने गृहीत धरले होते.

आता समजा, १९६१ साली एटापल्लीकडचा एखादा माडिया तरुण कसाबसा जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन उभा राहिला असता तर काय झाले असते? कारकुनाने त्यास नाव विचारले असते. शिक्षण किती? नाही. जन्मतारखेचा दाखला? नाही. पूर्वी कोठे नोकरी? नाही. पत्ता? पाड्याचे नाव, तेथे टपाल कधी जाते ते देवास ठाऊक. येते काय? या प्रश्नास त्या तरुणाचे उत्तर लांबलचक झाले असते. कोणत्या झाडाचा डिंक कधी काढावा, मोह कोणत्या पहाटे वेचावा, बांबूचे कोणते वय कापण्याजोगे, धानाची कोणती जात कोणत्या उतारावर धरते, वाघराच्या वाटेवरून बैल कसे न्यावेत, हे त्यास सारे येत होते. वहीत याची नोंद एका शब्दात झाली असती : अकुशल. मग एक कार्ड मिळाले असते, आणि ठराविक मुदतीत येऊन त्याचे नूतनीकरण करून घे, नाही तर नाव कमी होईल, अशी ताकीद.

यात कारकुनाचा दोष नाही. कायदाच तसा होता. १९५९ च्या कायद्याने सर्व सरकारी आस्थापनांना आणि २५ वा अधिक माणसे कामास असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. पण त्यातून वगळले काय, ते पाहा. खासगी शेतीतील काम वगळले. घरकाम वगळले. कचेरीतील अकुशल काम वगळले. तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम वगळले. आणि एटापल्लीचे बहुतेक काम तर तीन महिन्यांहून कमी मुदतीचेच होते! फाल्गुन-चैत्रात मोह, वैशाखात पंधरा-वीस दिवस तेंदू, पावसाळ्यात धान, हिवाळ्यात बांबूची कटाई. कायद्याच्या चाळणीत शहर वर राहिले आणि रान खाली गळले.

शिवाय या कायद्याने जागा कळविण्याची सक्ती केली, कचेरीने पाठविलेल्यांतूनच माणूस घेण्याची केली नाही. सरकारी खात्यांनी आपल्या हुकुमांनी तशी रीत पाडली होती, तीही पुढे सैल झाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ कचेरीच्या यादीवर न थांबता जाहिरातही द्यावी आणि सर्वांचाच विचार व्हावा. समतेच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. पण वीस वर्षे कार्ड जपून ठेवलेल्या माणसाच्या हातातले ते कार्ड तेथेच फिके पडले. १९९५ च्या सुमारास देशातील नोंदणीवह्यांत साडेतीन कोटींहून अधिक नावे होती, आणि वर्षभरात या मार्गाने काम लाभलेले होते सव्वादोन लाखांच्या आत. कचेरीचे नाव मात्र बदलत गेले. आपल्याकडे सेवायोजन कार्यालयाचे रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र झाले, आणि पुढे त्यात कौशल्य विकास आणि उद्योजकता हे शब्दही आले. १९५९ चा कायदाही पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला.

मग एटापल्लीच्या माणसाला काम देणारा कोण होता? एक जंगलखाते आणि दुसरा ठेकेदार. आलापल्लीचे सागवान नावाजलेले. बल्लारपूरची कागद गिरणी १९५३ पासून चालू झाली आणि बांबूची मागणी वाढली. काम होते, पण ते देणाऱ्याच्या मर्जीचे होते. मजुरी तो ठरवी, माप तो घाली, पुडा मोजून घेणार तो. तेंदूच्या ७० पानांचा एक पुडा. बाईने पहाटे उठून रानातून पाने आणावी, उन्हात बसून पुडे बांधावे, आणि फळीवर मुनशीने त्यांतील किती पुडे बाद करावे यास धरबंध नसे. जमीनदारीच्या काळची वेठ कायद्याने गेली होती, तिची सवय गेली नव्हती.

या पोकळीत पुढे काय शिरले, ते आपणांस माहीत आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी गोदावरी ओलांडून या रानात आले, आणि त्यांनी प्रथम हात घातला तो तेंदूच्या दराला व बांबूच्या मजुरीला. दर वाढले. नंतरच्या चार दशकांत या भागाने जे रक्त पाहिले त्याचा हिशेब मी येथे मांडीत नाही, आणि बंदुकीने आणलेल्या दरवाढीचे समर्थनही करीत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढेच टिपून ठेवावे की, मजुरीचा दर ही सरकारने ठरवावयाची गोष्ट सरकारने ठरविली नाही, तेव्हा ती दुसऱ्या कोणी ठरविली. १९४५ साली दिल्लीला ज्या धोक्याची जाणीव होती, ती १९८० साली चंद्रपूरच्या रानाबाबत कोणास झाली नाही.

परंतु याच महाराष्ट्राने दरम्यान एक असे पाऊल उचलले होते की ज्याला जगात त्या वेळी जोड नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला. जो काम मागेल त्यास काम द्यावयाचे, आणि ते गावाच्या उपयोगी पडेल असे द्यावयाचे, एवढेच त्याचे सूत्र. १९७२ च्या दुष्काळात हे सूत्र राज्यभर गेले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७५ मध्ये शहरातील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून या योजनेची तरतूद केली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा. तो दिवसाला किमान १ रुपया.

या रुपयाला हसू नका. मोठेपणा रकमेत नाही. सेवायोजन कचेरीत माणूस नाव नोंदवी आणि वाट पाही. काम न मिळाल्यास कोणाचेच काही चुकले असे होत नसे. येथे प्रथमच, काम न मिळाल्यास सरकार चुकले असे कायदा म्हणाला. शिक्षणाचा दाखला नको, पूर्वीची नोकरी नको. खेड्यातील प्रौढ माणूस असणे आणि अंगमेहनतीची तयारी असणे, एवढ्यावर हक्क. शहरात बसून व्यवसाय कर भरणाऱ्या कारकुनाचा आणि बांधावर माती टाकणाऱ्या बाईचा संबंध या कायद्याने जोडला. २००५ साली संसदेने हेच तत्त्व वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांच्या मर्यादेत देशाला लावले. २ फेब्रुवारी २००६ रोजी पहिल्या २०० जिल्ह्यांत ते सुरू झाले, त्यांत गडचिरोली होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा, १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला.

एटापल्लीत मात्र हा हक्कही पांगळा चालला. मागणी लेखी करावयाची, ती लिहिणार कोण? मजुरी पुढे बँकेतून मिळू लागली, बँक तालुक्याला. पाड्यावरून तेथे जाऊन येण्यात एक-दोन दिवस मोडले तर मजुरीतले उरले काय? गर्देवाड्यासारख्या गावाला अहेरीहून पहिली एस.टी. गाडी १ जानेवारी २०२५ रोजी गेली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. १५ दिवसांत काम देण्याचा कायदा आणि गावाला पहिली गाडी पोचणे, यांत ४६ वर्षांचे अंतर आहे.

आता तिसरा भाग प्रशिक्षणाचा. आश्रमशाळा निघाल्या, मुले शिकली, आणि एटापल्लीच्या इतिहासात प्रथमच एक नवा वर्ग जन्मास आला : सुशिक्षित बेकार. त्याच्या आजाला बेकारी ठाऊक नव्हती. गरिबी ठाऊक होती, उपास ठाऊक होते, पण 'काम नाही' ही अवस्था ठाऊक नव्हती. रानात काम संपत नाही, ऋतू बदलतो. दहावी-बारावी झालेल्या नातवाला मोह वेचण्याची लाज वाटू लागली आणि नोकरी तर मिळेना. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली.

सरकारने या वर्गासाठी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा होता. १९७४ पासून राज्याने रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम काढून विद्यावेतनावर प्रत्यक्ष कामाचा अनुभव देण्यास आरंभ केला. तालुक्यागणिक निदान एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था असावी हे धोरण झाले. आदिवासी उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन केंद्रे निघाली. २०१४ साली राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक यांसारखी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरावीत असे ठरविले. पुढे तिच्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि भरती रखडली. २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : बारावीस दरमहा ६ हजार, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका झालेल्यास ८ हजार, पदवीधरास १० हजार, सहा महिने. मुदत संपताच, शिकलो ते ठीक, आता पुढे काय, असा प्रश्न घेऊन हेच प्रशिक्षणार्थी मोर्चे काढू लागले. १९७४ चा प्रश्न पन्नास वर्षांनी त्याच शब्दांत परत आला.

गडचिरोलीत आणखी एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. दूरच्या ठाण्यांतून पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' नावाची सोय काढली. दाखले, सरकारी योजनांचे अर्ज, शिवणकाम, वाहन चालविणे, रुग्णसेवा यांचे शिक्षण, नोकरीचे मेळावे, हे सर्व पोलीस मदत केंद्रातून होऊ लागले. पुष्कळ तरुणांना त्याचा लाभ झाला, यात शंका नाही. पण विचार करा, बेकाराचे नाव नोंदविण्याचे काम पोलिसावर का आले? कारण पाड्याच्या जवळात जवळ असलेली सरकारी कचेरी तीच होती. ज्या यंत्रणेने जावयास हवे होते ती साठ वर्षांत तेथवर गेली नाही.

आणि सुरजागड. २००७ साली लोहखनिजाचा खाणपट्टा मंजूर झाला, २०१६ साली खनिज निघू लागले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी वाहने जाळली, काम थांबले, आणि २०२१ पासून ते पुन्हा जोराने सुरू झाले. अवजड वाहने चालविण्यास स्थानिक तरुण शिकले, पगार घरी येऊ लागले. दुसऱ्या बाजूस डोंगर, पाणी, ठाकुरदेवाचे स्थान आणि रस्त्यावरची धूळ यांविषयी ग्रामसभांच्या हरकती आहेत. या वादाचा निकाल येथे देता येणार नाही. पण तरुणाला शिकविण्याचे हुन्नर कोणते, हे त्याला विचारून ठरले की खाणीला विचारून, एवढे तरी पाहिले पाहिजे.

कारण एक तिसरा मार्गही याच जिल्ह्याने दाखविला आहे. २००६ चा वनहक्क कायदा झाल्यावर धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार. त्यामागोमाग जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतःच्या हाती घेतला. ज्या फळीवर मुनशी पुडे बाद करी, तेथे ग्रामसभेचा तरुण वही घेऊन बसू लागला. त्याची बारावी तेथे कामास आली. हिशेब, लिलावाची नोटीस, बँकेचा धनादेश, वाहतुकीचा परवाना, हे त्याचे हुन्नर झाले. अडचणी आहेत, व्यापारी पैसे थकवितात, ग्रामसभांत भांडणे होतात, एखाद्या वर्षी भाव कोसळतो. पण आजाचे ज्ञान आणि नातवाचे शिक्षण एकाच जागी प्रथम बसले ते तेथे. आणि गंमत अशी की, हे काम कोणत्याही रोजगार केंद्राच्या वहीत 'लागलेली नोकरी' म्हणून नोंदले जात नाही.

श्रोतेहो, आपण शहरात राहणारी माणसे. आपल्यांपैकी पुष्कळांच्या जुन्या पेटीत सेवायोजन कचेरीचे पिवळे पडलेले कार्ड असेल, आणि पगारपत्रकावर व्यवसाय कराची कपात तर दरमहा असतेच. ती कपात पाहून कपाळास आठी पडते, हे मी जाणतो. पुढच्या वेळी ती पाहाल तेव्हा एवढे आठवा की, १९७५ साली ती बसविली तेव्हा आपल्या राज्याने दूरच्या एका अनोळखी माणसाला शब्द दिला होता : तू माग, आम्ही देऊ. नाव नोंदवून घेण्याची कला आपल्या कचेऱ्या १९४५ पासून शिकल्या आहेत, आणि हुन्नर शिकविण्याच्या योजनांनाही तोटा नाही. एटापल्लीच्या पाड्यावर जाऊन, तुला काय येते आणि तुझ्याजवळ काय आहे, हे त्याच्या बोलीत विचारणारा कारकून मात्र अजून नेमावयाचा आहे. ही जागा रिकामी आहे, आणि ती कळविण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून ती आपणांस कळविण्याचे काम मी आज केले.